अक्कम्माची कापडी अंडी

मी गोजरबाई. साखर पेठेत माझा शिवणक्लास होता, आन माझी जीभ माझ्या कात्रीपेक्षा धारदार होती. हे मी न्हाय, पेठ सांगते. पोरी यायच्या, बोलणी खायच्या, रडायच्या, पण दुसरीकडं जायच्या न्हाईत. कारण माझ्या हाताखालनं गेलेल्या पोरीचं रुखवत बघायला चार गल्ल्यांतल्या बायका जमायच्या. मला येत न्हाय असं हातकाम सोलापुरात जन्मलंच न्हाय, असा माझा तोरा होता. तो तोरा कसा उतरला ते सांगते.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. होळीच्या सुमाराला चर्चच्या शाळेत शिकवणाऱ्या रूथबाई एक खोकं घेऊन माझ्या दारात आल्या. खोक्यात लाकडाचा भुसा, आन भुशात पांढरी अंडी. एक हातात घेतलं तर वजनच न्हाय! मी दचकून ठेवूनच दिलं.

"थर्माकोलची आहेत, गोजरबाई," रूथबाई हसल्या. "चाळीस आहेत. ईस्टरला आम्ही अंडी सजवतो. अंड्यातून नवा जीव बाहेर येतो ना, तसा प्रभू कबरीतून उठला म्हणून. चर्चमध्ये बाभळीची मोठी फांदी उभी करून तिला ही टांगायचीत. हा नमुना बघा."

परदेशातल्या कुणा पाहुणीनं दिलेलं एक अंडं त्यांनी पर्समधनं काढलं. कापडाचं. म्हंजे आत थर्माकोल आन वरनं रंगीत कापडाच्या आठ फाका, मोसंबीला असतात तशा. पण सुईचा टाका कुटं न्हाय, डिंकाचा डाग न्हाय. वांग्याला जशी साल, तसं कापड अंगासरशी बसलेलं.

"हे व्हय? आठ दिवसांत देते," मी म्हणले. झाकली मूठ तेव्हाच झाकली ठेवली असती तर बरं झालं असतं.

पहिल्यांदा गव्हाची खळ लावून बघितली. कापडाला सुरकुत्या पडल्या. सुई घातली तर थर्माकोलचा चुरा. मग माझ्या अंगात आलं आन मी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडनं पंक्चरचं सोल्युशन आणलं. ते लावल्याबरोबर अंडं चुरचुर करत वितळायला लागलं की हो! पोरींच्या डोळ्यांदेखत त्याचं भोकच पडलं. पोरी तोंडात पदर कोंबून हसत होत्या आन मी आणखी भडकत होते.

शेवटी रूथबाईंचा नमुना मी उसवून बघितला. तेव्हा कळलं. अंड्याला ब्लेडच्या पात्यानं उभ्या चिरा द्यायच्या, त्यावर कापडाची फाक ठेवायची आन कडा त्या चिरेत खोचायच्या. बस, एवढंच. पण हे 'एवढंच' मला जमंना. हिकडनं खोचलं की तिकडनं बाहेर. चीर जरा जास्त गेली की अंडं उकलतंय. एक वितळलेलं आन दोन उकललेली, अशी तीन अंडी मी वाया घालवली. चौथ्याला हात लावायची छाती होईना.

माझ्या क्लासात हेमावती म्हणून एक पोरगी होती. पद्मशाली, घरात तेलुगू बोलणारी, एकोणीस वर्षांची. बटणाचं काज करावं तर तिनंच, असं मी सगळ्यांना सांगायची. तिच्यासाठी भिवंडीचं एक स्थळ चालून आलं होतं. मुलगा पॉवरलूमवर, निर्व्यसनी, हुंड्याचं नाव न्हाय. आन ही बया म्हणते, न्हाय जायचं! का, ते सांगत न्हाय. मुलाकडच्यांनी पाडव्यापर्यंत वाट बघतो म्हणून निरोप धाडला होता.

"भिवंडीला काय वाघ हायत का गं?" मी तिला रोज छेडायची. ती खाली बघून हसायची, बस.

ती म्हणाली, "बाई, एक अंडं घरी नेऊ?"

"ने. चाळिसाची सदतीस झालीतच, छत्तीस झाली म्हणून काय बिघडलं!"

दुसऱ्या दिवशी तिनं रुमाल सोडून अंडं माझ्या हातात ठेवलं. अगं आई गं! काय सांगू तुमाला. इरकली काठाचा लाल, खणातला हिरवा, नऊवारीच्या कातरणातला जांभळा, अशा आठ फाका. मधल्या रेघा केसाएवढ्या बारीक. मी चाळिशी लावून बघितलं, उन्हात धरून बघितलं, नखानं खरवडून बघितलं. एक धागा वर आलेला न्हाय. रूथबाईंचा परदेशी नमुना ह्याच्यापुढं पाणी भरंल.

"कुणी केलं गं?"

"मी," हेमावती म्हणाली. पण खाली बघून म्हणाली.

मी तिला आणखी सहा दिली. दोन दिवसांनी पाच आली. एकाहून एक. मी सगळ्या पोरींना गोळा केलं आन हेमावतीला म्हणले, "बस हितं. आमच्यासमोर करून दाव. आमाला पण शिकू दे की."

तिनं पातं धरलं आन मला कळलं. हे ते हात न्हवंत. चीर वाकडी गेली, कापड फुगलं. तिच्या कपाळावर घाम आला.

मग काय, माझा पट्टा सुटला. "खोटारडे! दुसऱ्याचं काम आपल्या नावावर खपवतीस? कुणाचं हाय हे? आन सहावं अंडं कुटं हाय?"

पोरगी रडायला लागली. रडता रडता तेलुगूत पुटपुटली, "अम्मा गुड्डिदी."

आता इथं माझं शहाणपण बघा. मी वळसंग गावची. कानडी-मराठी दोन्ही पाळण्यातल्या. बारा वर्षं साखर पेठेत काढली म्हणून तेलुगू पण आपल्याला येतं, असा माझा समज. गुड्डू म्हंजे अंडं, हे मला ठाऊक होतं. गुड्डा म्हंजे कापड, ते पण ठाऊक होतं. आन आमच्या पेठेत कोण एका भाषेत बोलतंय? अर्धं तेलुगू, अर्धं मुसलमानी हिंदी. 'दी' म्हंजे दिली, दिलं. मी अर्थ लावला, अम्मानं अंडं दिलं. देऊन टाकलं! कुणाला? माझ्या डोक्यात लगेच उजेड पडला, कुण्या दुसऱ्या क्लासवालीला नमुना म्हणून दिलं असणार. दुसऱ्या क्लासवालीला!

मी पायात चपला सरकवल्या आन भर दुपारी तरातरा हेमावतीचं घर गाठलं. ती मागनं "बाई, बाई" करत पळत येत होती. मी थांबते होय?

पेठेतली ती गल्ली म्हंजे दोन्ही अंगाला मागांची खटखट. हेमावतीच्या घराच्या उंबऱ्यात एक बाई उन्हाला बसली होती. मांडीवर विडीचं सूप. पण सुपात तेंदूची पानं नव्हती, चिंध्या होत्या. डाव्या हातात माझं अंडं. हेमावतीचा बाप कधीच वारला होता, घरात मायलेकी दोघीच, एवढं मला ठाऊक होतं. म्हंजे हीच तिची आई, अक्कम्मा.

"काय ओ अक्कम्मा, माझं अंडं कुणाला दिलंत?" मी वरूनच कडाडले.

तिनं मान वळवली. तिचं तोंड माझ्याकडं, पण डोळे माझ्या खांद्यापाशी कुटंतरी. "कुणाला न्हाय दिलं, बाई. हे काय, हातात हाय. अजून चार फाका ऱ्हायल्यात."

आन तिनं काम पुढं चालू केलं, माझ्याकडं तोंड ठेवूनच. हाताकडं एकदाही न बघता.

हेमावती धापा टाकत पोचली. "बाई, गुड्डिदी म्हंजे आंधळी. अम्माला दिसत न्हाय."

मी रस्त्यावरच फतकल मारून बसले. खाली धूळ हाय का शेण हाय, ते बघितलं न्हाय.

मग मी ते काम बघितलं. पुरतं बघितलं, आन अजून मला त्याचं नवल सरलेलं न्हाय. तिनं एक ओला दोरा अंड्याभोवती उभा गुंडाळला, टोकापासनं टोकापर्यंत. बोटांनी चाचपून तो मधोमध आणला. डाव्या अंगठ्याचं नख तिनं वाढवलेलं, विड्या वळणाऱ्या बायका वाढवतात तसं. ते नख दोऱ्याच्या कडेनं फिरवून रेघ उठवली. मग नखाच्या आडोशानं पातं ओढलं. नख पुढं, पातं मागं. चीर कशी गेली म्हणता! मग कापडाची फाक ठेवली आन विडीचं तोंड मुडपायची जी बोटभर लोखंडी काडी असते, तिनं कड आत ढकलत गेली. टुक, टुक, टुक. विडीचं पान मुडपावं तसं. माझ्या बारा वर्षांच्या क्लासात मी असले हात बघितले नव्हते, आन खोटं कशाला बोलू, माझे स्वतःचे पण असले नव्हते.

"रंग कसे कळतात ओ?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"गाठी," ती म्हणाली. सुपात चिंध्यांच्या पुरचुंड्या होत्या. "एक गाठ लाल, दोन हिरवा, तीन पिवळा. हेमा बांधून देती. रंग मला ठाऊक हायत, बाई. चार वर्षं झाली नजर जाऊन, त्याआधी सगळं बघितलंय."

मग तिनं सांगितलं. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलं. डॉक्टर म्हणाले, डोळ्यात दाब वाढलाय, लई उशीर केलात. तरी ती विड्या वळत होती, बोटांना काय डोळे लागतात होय? पण कारखान्यात तपासणाऱ्याला कळलं की बाई आंधळी हाय. त्या दिवसापासनं तिच्याच विड्या छाटात, म्हंजे बाद मालात, जायला लागल्या. शेजारणीच्या सुपात घालून दिल्या तर त्याच विड्या पास! शेवटी तिचं नावच काढून टाकलं.

"लोक म्हणाले, आता बस निवांत, देवाचं नाव घे. देवाचं नाव तोंडानं घेते, बाई. हातांचं काय करू?"



हेमावतीनं बाकीचं सांगितलं. दोन वर्षं ती क्लासातली कामं घरी नेत होती आन अम्मा करत होती. म्हंजे ज्या काजांचं मी एवढं कौतुक करायची, ती पण अक्कम्माचीच! काम हेमावतीच्या नावानं यायचं. हेमावती भिवंडीला गेली की नाव गेलं, काम गेलं, अम्माचे हात पुन्हा रिकामे. म्हणून ती स्थळाला न्हाय म्हणत होती. वाघबीघ काय नव्हता.

"तुमी हिला सांगा, जा म्हणून," अक्कम्मा म्हणाली.

"तुमी अम्माला तिच्या नावानं काम द्या, बाई," हेमावती म्हणाली. "मग जाते."

दोघी माझ्या उत्तराची वाट बघत होत्या. आन मी, एवढी तोंडाळ बाई, काय म्हणले असंल? "बघते," म्हणले. शरम वाटते सांगायला. घरी येताना मनात हेच की रूथबाई काय म्हणतील, रंग चुकला तर नाव कुणाचं जाईल, आंधळ्या बाईला पात्याचं काम दिलं म्हणून लोक मलाच बोलतील. डोळ्यांनी बघून आले होते, तरी मन मानत नव्हतं. त्या तपासणाऱ्याला नावं ठेवत होते आन स्वतः त्याच्याच जागी बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कम्मा स्वतःच आली. हेमावतीच्या खांद्यावर हात, दुसऱ्या हातात सहावं अंडं. मी ते घेतलं. माझ्या मनातला किडा काय मेलेला नव्हता. मी तिची चार अंडी मांडली, त्यात माझं उकललेलं एक सारलं आन म्हणले, "अक्कम्मा, ह्यातलं एक बिघडलंय बघा तुमचं."

तिनं एकेक उचललं. माझ्या अंड्यावर बोटं आली आन थांबली.

"हे माझं न्हाय," ती म्हणाली. "हे तुमचं. हितं पातं दोनदा फिरलंय, बाई. रागात कापलंय. एवढ्या मऊ जिनसावर कशाला रागवायचं?"

पोरी माझ्या तोंडाकडं बघत होत्या, आता बाई फुटणार म्हणून. आन मी फुटलेच, पण हसू फुटलं. हसता हसता डोळ्याला पाणी आलं. जे माझ्या सासूला वीस वर्षांत कळलं न्हाय, ते ह्या बाईनं एका थर्माकोलच्या चिरेवरनं वाचलं होतं!

"हेमावती," मी म्हणले, "भिवंडीला होकार कळव. आन अक्कम्मा, तुमी रोज धा वाजता हितं यायचं. तुमच्या नावानं काम. उशीर मला चालत न्हाय."

"मला पण चालत न्हाय," अक्कम्मा म्हणाली.

मग काय विचारता! उरलेली तीस अंडी तिनं माझ्या क्लासात बसून केली. गल्लीतल्या बायका खिडकीला लटकून बघायच्या. मी म्हणले लाल-पिवळा शेजारी घालू, तर म्हणते, "नको, हळदीकुंकवाचं तबक होईल. मधी निळा घाला." घातला. तिचंच खरं होतं. डोळे असलेली मी, आन रंग शिकवतीय ती! मला राग यायला पाहिजे होता. येत नव्हता. मी आपली देवळात बसल्यासारखी तिच्या हातांकडं बघत बसायची, कात्री तशीच हातात.

रूथबाई अंडी न्यायला आल्या. एक एक उचलायच्या आन हळूच ठेवायच्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "फांदीखाली एक पाटी लावू. 'अंध भगिनीच्या हातचं काम' अशी."

"ते नको," अक्कम्मा म्हणाली. "अक्कम्मानं केलं, एवढंच लिवा. डोळ्यानं केलंच न्हाय, तर डोळ्याचं कशाला लिवायचं?"

रूथबाईंनी तेवढंच लिवलं.

ईस्टरच्या सकाळी मी अक्कम्माला घेऊन गेले. बाभळीची वाळकी फांदी, काटे तसेच, आन काट्याकाट्यामधनं सदतीस अंडी वाऱ्यावर सावकाश फिरत होती. लाल समोर यायचा, मग हिरवा, मग जांभळा. माणसं आत यायची, चपला काढायची आन उभीच ऱ्हायची.

"काय करतायत लोक?" अक्कम्मानं माझ्या कानात विचारलं.

"गप्प उभी हायत. बघतायत."

"कोण काय बोलत न्हाय?"

"न्हाय."

तिनं माझा हात घट्ट धरला. माझ्या अंगावर काटा आला होता. तो तिला हाताला लागला असणार.

पाडव्याला भिवंडीला होकार गेला. वैशाखात लगीन झालं. रुखवत मी मांडलं, बघायला सहा गल्ल्या आल्या. लगीन होऊन तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं हेमावती निघणार होती. मी पोरींना सांगून ठेवलं होतं, आज अक्कम्मा यायची न्हाय, कुणी तिच्या पाटावर बसू नका.

धाला पाच कमी असताना दारात चाहूल लागली. अक्कम्मा होती. एकटी. भिंतीला हात लावत लावत आली होती. गल्लीतनं क्लासापर्यंत ती एकटी कधीच आली नव्हती. तिच्या बोटांना चुना लागला होता.

मी ओरडलेच. "आज तरी घरी ऱ्हायचं की ओ! पोरगी निघालीय. ठेसनावर न्हाय गेला?"

"गेले असते तर ती गाडीत चढली नसती," अक्कम्मा पाटावर बसत म्हणाली. "मी तिला उंबऱ्यातच म्हणले, मला कामाला उशीर होतोय, तू नीघ. तेव्हा कुटं ती निघाली. द्या काम."

रूथबाईंनी नाताळाच्या झाडाला टांगायला आणखी अंडी मागवली होती. मी त्यातलं एक तिच्या हातात दिलं. तिनं दोरा गुंडाळला, रेघ उठवली, चीर पाडली. कापड ठेवून काडी उचलली आन तेवढ्यात लांबनं ठेसनाकडून गाडीची शिट्टी ऐकू आली. तिचे हात थांबले. शिट्टी विरेपर्यंत थांबले. मग तिनं कड खोचली. टुक, टुक.

"बाई," तिनं अंडं माझ्याकडं केलं. "ही फाक वाकडी झाली का?"

मी बघितलं. वाकडी झाली होती. कड फुगून वर आली होती. तिच्या हातनं पहिल्यांदाच असं झालं होतं. सगळ्या पोरी माझ्याकडं बघायला लागल्या. छान झालीय, असं म्हणावं, पाठीवरनं हात फिरवावा, असं लई वाटलं. पण आज मी हिच्याशी खोटं बोलले तर हिचे हात पुन्हा मारले, हे पण कळत होतं. मग पोरगी भिवंडीला गेली ती फुकटच.

"झालीय," मी म्हणले. "पुन्हा करा."

अक्कम्मानं मान हलवली आन एवढं गोड हसली, की बघवंना. मग ती रडली. रडत रडतच तिनं फाक बाहेर काढली, मांडीवर घासून सरळ केली आन पुन्हा खोचायला घेतली. डोळ्यातनं पाणी गळत होतं, पण हातांना डोळ्यांची गरज नव्हती. ह्या वेळी कड सरळ बसली.